दुधातला जिना

अक्का, हे मी पुण्याच्या मराठीत लिहितो आहे, तेव्हा पहिल्याच ओळीला तू हसणार हे धरून चालतो. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सुट्टीला कुंभकोणमला आलो आणि "मला जाम भूक लागलीय" म्हणालो, तर तू आत हाक मारलीस, "आई, कोणी परकें माणूस आलें आहे, त्यास पाट दे." आपली मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या दरबाराबरोबर आली आणि घरातच राहिली. उंबऱ्याबाहेर आपण तमिळ. लिहायची मराठी मला पुण्यानं शिकवली, आणि जे तुझ्यासमोर आपल्या मराठीत कधी बोललो नाही, ते आता ह्या दुसऱ्या मराठीत लिहायला बसलो आहे. भित्र्या माणसाला ही सोय बरी पडते.

तू माझी चुलत बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. बाकी काय होतीस ते तू गेल्यावर पेपरात छापलेल्या चार ओळींत आलं आहे. त्यात आलं नाही ते हे, की काचेची नळी कशी धुवायची ते मला तू शिकवलंस. मी सातवीत होतो. धुतलेली नळी उलटी धरलीस आणि म्हणालीस, "पाहा, थेंब चिकटला म्हणजे मळ राहिला. पाणी चादरीसारखें सरकलें पाहिजे." पुढं मोठमोठ्या प्रयोगशाळांतून मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ शिकवलं. त्यातलं निम्मं विसरलो. ते पाणी अजून दिसतं.

मद्रासच्या एका औषध कंपनीनं भंगारात काढलेलं क्रोमॅटोग्राफीचं यंत्र तू कॉलेजच्या कोठीच्या खोलीत उभं केलंस, तेव्हा अख्ख्या गावात तसं दुसरं नव्हतं. बारीक पुडीनं गच्च भरलेली वीतभर स्टीलची नळी, तिच्यातून दाबानं ढकललेला द्रव, आणि मिश्रणातला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडताना कागदावर उमटणारी शिखरं. तुला त्यातून आईच्या दुधातल्या साखरा वेगळ्या करायच्या होत्या. साध्या साखरा नव्हेत, साखरेला साखर जोडून झालेल्या लांब साखळ्या. शास्त्रात त्यांना ग्लायकन म्हणतात. लोक गोडाचं कौतुक करतात, तुला कौतुक होतं ते ह्याचं, की ह्या साखळ्या बाळाला पचतच नाहीत. "बाळास पचत नाहीत, तर आई त्या करते कोणासाठीं?" हा प्रश्न तू इतक्यांदा विचारलास की काकू भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुझ्यासाठीं करते. तूंच तर नेतेस."

बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंना त्या लागतात, एवढं पुस्तकात होतं. कुठल्या लागतात, किती प्रकारच्या असतात, ते नीट कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्या एकमेकींपासून सुट्या करणंच अवघड. एक सुटली वाटावी तर तिच्या पोटात दुसरी लपलेली.

दूध गोळा करायला मी एकदा तुझ्याबरोबर सूतिकागृहात आलो होतो. मला बाहेरच्या बाकावर बसवून तू आत गेलीस, पण दार उघडंच होतं. दारासुरमच्या विणकराच्या घरातली एक बाळंतीण तुला चिडवत होती, "टीचरम्मा, तुमच्या मशीनला रोज दूध लागतं म्हणे. बाळसं धरलं का त्यानं?"

"धरलं की. चाळीस किलो झालं."

"अगं बाई! आणि बोलतं का?"

"छे. नुसत्या रेघोट्या ओढतं."

खोलीभर हसू. मग तिनंच विचारलं, तुमची मुलं किती म्हणून. तू म्हणालीस, "वर्गात साठ. घरी एक चुलतभाऊ आहे, बाहेर बसलाय. त्याला दात आलेत." तुला चार बाटल्या जास्त मिळाल्या त्या दिवशी. तिरुक्करुगावूरला देवीचा नवस फेडायला बाळं घेऊन बायका येतात, तिथंही तू थर्मासात बर्फ घालून बसनं जायचीस. मंडपाच्या सावलीत त्यांच्याशी असं बोलायचीस की त्या आपणहून विचारायच्या, "अजून हवंय का?"

माझ्याकडं पुण्याला मास स्पेक्ट्रोमीटर होतं, रेणूचं वजन सांगणारं. तुझ्या नळीतून आलेला एकेक भाग तू कॉफीच्या डब्यात कुप्या रचून आगगाडीनं पाठवायचीस. मी त्या साखरांना मिथाइलचं पांघरूण घालायचो, ग्लिसरीनच्या थेंबात मिसळायचो आणि अणूंचा मारा करून उडवायचो. वजन मिळालं की तुला तार. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि मिटलं नाही. मी म्हणायचो, खरं काय ते माझं यंत्र सांगतं, तुझी नळी म्हणजे चाळण. तू म्हणायचीस, "तुझें यंत्र दुकानांतला तराजू रे वासू. शेर तांदूळ आणि शेर वाळू, त्यास सारखेंच." मी हसायचो. मला वाटायचं, गावात बसून माणूस असंच बोलणार.

तराजूला काय कळत नाही, ते मला कळत नव्हतं असं नाही. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज ह्यांचं वजन एकच. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगतो.

मग तो जिना आला. तुझ्या कागदावर, नेहमीच्या शिखरांच्या मागं, सारख्या अंतरावर उतरत जाणारी शिखरं, एकामागून एक, सात. माझ्या यंत्रात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून बरोबर दोनशे चारनं जड. म्हणजे दर पायरीला एकेक साखर वाढते आहे. आईच्या दुधात असा जिना कोणीच पाहिला नव्हता. गाईचं दूध तसंच गाळून, तशाच नळीतून तू सोडलंस. जिना नाही. म्हणजे हे माणसाचंच! दुधातल्या लॅक्टोजवर गॅलॅक्टोजचे मणके चढत जातात, असं मी ठरवून टाकलं. लेख मी लिहिला. माझं नाव आधी आलं, त्यावर तूच म्हणालीस, "असूं दे. तुज बढती पाहिजे. मज मुली नीट ऐकतात तेवढें पोरुम." आपलं 'पुरे' म्हणायचं ते तमिळ 'पोरुम'.

बढती नव्हे, अक्का. परदेशातली दोन वर्षांची जागा होती. मुलाखत ठरलेली होती आणि त्या लेखाशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. हे तुला मी सांगितलं नव्हतं.

त्याच सुमाराला तू आपली पद्धत सुधारत होतीस. द्रवातलं पाण्याचं प्रमाण थेंबाथेंबानं बदललंस, साखरांची टोकं आधी बंद करून घेतलीस म्हणजे एकीची दोन शिखरं व्हायची थांबली, आणि वेग इतका कमी केलास की एका नमुन्याला अख्खी सकाळ लागायची. मला वाटलं, आता कशाला? शोध तर लागला. आणि एके दिवशी लॅक्टोजच्या जाड्या शिखराच्या अलीकडच्या अंगाला एक खांदा निघाला. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. तू कॉलेजच्या कपाटातली माल्टोजची बाटली काढलीस. तो खांदा माल्टोजचा होता. ते लॅक्टोजच्याच वजनाचं, पण धान्याच्या पिठातून येणारं. आईच्या दुधात ते कुठून येईल?

काकांच्या धोतरातून आलं होतं.

हे आपल्याच घरात होऊ शकत होतं. दूध थंड केल्यावर वर आलेली चरबी गाळून काढायची, आणि ते काम काकू घरी करायची, कारण बाळंतिणीचं दूध कागदातून गाळून तो कागद कचऱ्यात टाकलेला तिला चालत नव्हता. घरच्या कापडातून गाळायचं, कापड घरी धुवायचं, धुतलेलं पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं. तुला तिचं म्हणणं मोडवेना. कापड होतं काकांच्या जुन्या धोतराचं, स्वच्छ धुतलेलं, आणि आपल्याकडच्या सगळ्या धुण्यासारखं भाताच्या पेजेची कांजी देऊन कडक वाळवलेलं. आईच्या दुधात पिष्ट तोडणारं विकर भरपूर असतं. त्यानं कापडातली कांजी तोडून ग्लुकोजच्या लहानमोठ्या साखळ्या केल्या, तोच आपला जिना. गाईच्या दुधात ते विकर नसल्यासारखंच, म्हणून तिथं काही दिसलं नाही. तुझी तुलना चोख होती, आणि चोख होती म्हणूनच आपण फसलो.

हे सगळं तू मला पत्रात लिहिलंस. चार पानी, आकृत्यांसकट. बिनकांजीच्या कापडातून गाळून पाहिलं, जिना नाही. पेजेत आईचं दूध घालून ठेवलं, जिना आहे, सातही पायऱ्या. शेवटी लिहिलं होतंस, "लेख थांबीव. लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं, आपणच शोधलें आहे. पद्धतीचाच लेख करूं, तो जास्त कामाचा आहे."

अक्का, ते पत्र मला वेळेवर मिळालं.

लेखाची तपासायची प्रत माझ्या टेबलावर होती. एक तार केली असती तरी लेख थांबला असता. पत्र मी दोनदा वाचलं, यंत्राच्या माहितीपुस्तकात ठेवलं, प्रतीवर सही केली आणि टपालात टाकायला स्वतः गेलो. मुलाखत झाल्यावर तुला लिहिलं: तुझं पत्र पोचलं, पण फार उशिरा पोचलं, लेख आधीच छापून झाला होता, वाईट वाटतं. ही तीन वाक्यं लिहायला मला सबंध दुपार लागली. त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं.

मी दोन वर्षं बाहेर होतो. परत आलो तोवर दोन ठिकाणच्या लोकांनी लिहिलं होतं की त्यांना जिना सापडत नाही. दुरुस्ती छापावी लागली. तीही मीच लिहिली. "कुंभकोणम येथे नमुने गोळा करताना झालेल्या भेसळीमुळे" असे शब्द होते. खोटा त्यातला एकही नव्हता. ती भेसळ कोणी शोधली, कुठल्या पद्धतीनं, केव्हा, ह्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. वाचणाऱ्याला एवढंच कळत होतं की गावातल्या एका बाईंनी कळकट कापड वापरलं आणि पुण्याच्या शास्त्रज्ञाला तोंडघशी पाडलं.

तुझं अनुदान पुन्हा मिळालं नाही. सूतिकागृहाच्या डॉक्टरीणबाईंनी, उगाच नाव नको म्हणून, दूध देणं बंद केलं. कोठीची खोली कॉलेजला जुन्या बाकांसाठी हवी होती, ती त्यांनी घेतली. ह्याच कामावरची तुझी पीएच.डी. अर्धी होती, ती राहिली ती राहिलीच. मी पुण्यात विभागप्रमुख झालो.

आणि तू माझ्याशी तशीच वागत राहिलीस, हे मला सर्वांत जड गेलं. दर सुट्टीला कॉफीची पूड, पानवेलीची कोवळी पानं, माझ्या बायकोला दारासुरमचं रेशीम. नवे लेख मी पाठवायचो ते तू रेघा मारून परत करायचीस. साखरांना चमकणारं शेपूट जोडून नळीतून सोडायची पद्धत आली तेव्हा लिहिलंस, "हें चांगलें. अंधारांत गाईच्या गळ्यांत घंटा." लेसरनं रेणू उडवणारी यंत्रं आली तेव्हा विचारलंस, "मग आतां तरी तराजूस वाळू ओळखतें का?" मी लिहिलं, नाही, अजूनही आधी तुझी चाळण लागतेच. त्यावर आलेलं तुझं पोस्टकार्ड नुसतं एका शब्दाचं होतं: "सरी." आपल्याकडं 'बरं' म्हणायचं ते तमिळ 'सरी'. तेवढ्यात केवढं हसलीस ते मला पुण्यात ऐकू आलं.

एकदाच विचारलंस. तिरुविडैमरुदूरला एका लग्नाहून परतताना, स्टेशनात बाकावर बसलो होतो. तू चप्पल काढून पाय वर घेतलेस आणि सहज म्हणालीस, "वासू, तें माझें पत्र तुज केव्हां मिळालें रे?"

मी म्हणालो, "उशिरा, अक्का. लिहिलं होतं ना तुला."

"सरी," म्हणालीस. मग पिशवीतून केळं काढून अर्धं मला दिलंस. गाडीला पंधरा मिनिटं होती. त्या पंधरा मिनिटांत मी काहीही सांगू शकलो असतो. त्यानंतर तू गेलीस त्या दिवसापर्यंत पाच वर्षं होती, तीही तशीच गेली.

तू गेल्यावर दहाव्याला मी पोचलो. काकू ओसरीवर बसली होती, पातळ मऊ लुगडं अंगाला चिकटलेलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं की आपल्या घरात आता कोणाच्याच कपड्याला कडकपणा नव्हता. मी विचारलं. काकू म्हणाली, "नऊ वर्षें जालीं. पेज मी गाईस घालतें. माझ्या कांजीनें पोरीचें शिक्षण नासलें, मग लुगडीं कडक करून कोणास दाखवूं?"

तुझी आई नऊ वर्षं असं समजत होती, अक्का. तू तिला कितीदा समजावलं असशील, पण जे सांगून तिचं मन हलकं झालं असतं, ते मी तुलाच सांगितलेलं नव्हतं.

मी सांगितलं. कापडाची चूक तुझ्या मुलीनं स्वतःच शोधली, छापण्याआधी शोधली, मला कळवलं, मी दडवलं. एवढंच बोललो, उभ्यानं. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, मला वाटलं नीट ऐकू गेलं नसेल.

"तिनें शोधलें?"

"तिनंच."

"वेळेवर?"

"वेळेवर."

"आणि तूं ह्या घरांत दर वर्षीं जेवलास."

मग तीच पुढं म्हणाली, "मज सांगून काय होतें? मी काय तुझा लेख वाचलेला? उद्यां तिच्या कॉलेजांत सभा आहे. सारीं तिज हलगर्जी म्हणत होतीं, तीं तेथें बसणार. तेथें सांग. नाहीं सांगिटलेंस तर तेराव्यास पानावर बसूं नको." आणि तोंड फिरवलं. क्षमा वगैरे तिनं काही केलेली नाही, आजही नाही. ते मला ठीक वाटतं.

कॉलेजच्या सभेत मी तमिळमध्ये बोललो. प्राचार्या होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, मागं तुझ्या वर्गातल्या मुली. जिना, कांजी, माल्टोजचा खांदा, सगळं सांगितलं. मग म्हणालो, "मॅडमनी ही चूक स्वतः शोधून मला पत्रानं कळवली होती." एवढ्यावर थांबावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, हे आम्हांला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्या वर्षाला मॅडम दर वर्षी शिकवायच्या हे. नमुना कसा हाताळायचा, त्या धड्यात." तिनं वही आणली होती, तुझी आठवण म्हणून सगळ्याच घेऊन आल्या होत्या. पान काढून तिनं वाचलं, "शंका आली की त्याच दिवशी पत्र टाका. मी खात्री करत महिनाभर थांबले, पत्र उशिरा टाकलं, म्हणून माझ्या भावाला चुकीचा लेख छापावा लागला. त्याचा दोष नाही."

सभागृहात पंखे फिरत होते. प्राचार्या माझ्याकडं सहानुभूतीनं पाहत होत्या.

तू माझ्या तीन वाक्यांवर विश्वास ठेवलास, की ठेवला नव्हतास आणि तरी मला पांघरूण घातलंस? स्टेशनातल्या त्या "सरी"चा अर्थ मी आता कोणाला विचारू? पण वहीत जे होतं ते चूक होतं, आणि साठ साठ मुलींना वर्षानुवर्षं तू ते शिकवत होतीस, माझ्यामुळं.

"नाही," मी म्हणालो. "ते खोडा. मॅडमनी उशीर केला नाही. खात्री करायला महिना गेला, तरी पत्र वेळेत पोचलं. लेख थांबवता येत होता तेव्हा ते माझ्या हातात होतं. मी थांबवला नाही, आणि पत्र उशिरा मिळालं असं त्यांना खोटं लिहिलं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या मुलीनं उभ्याउभ्याच पेन उघडलं, ओळीवर आडवी रेघ मारली, वर जागा आहे का पाहिलं. तू शिकवलेली मुलगी. माझ्या अपराधाशी तिला काही घेणं नव्हतं, नोंद अपुरी राहू नये एवढंच.

"सर," तिनं विचारलं, "पत्र मिळाल्याची तारीख काय लिहू?"

ती मला पाठ होती, अक्का. मी सांगितली.